सैन्य निवडीची तयारी लांबली की मन मागे पडते. यावर उपाय काय?

प्रश्न : लांबपल्ला

नमस्कार. सैन्यात निवड व्हावी म्हणून मी गेले १४ महिने शारीरिक तयारी करत आहे. माझे वय २२ आहे. पहिल्या प्रयत्नात २.४ किलोमीटरच्या धावेत मी ११ सेकंदांनी मागे पडलो आणि बाकीच्या सगळ्या चाचण्या पार करूनही परत यावे लागले. पुढची संधी आणखी १० महिन्यांनी आहे. म्हणजे एका दिवसासाठी एकूण दोन वर्षे द्यायची आहेत, आणि नेमका हाच हिशेब मला आता जड जाऊ लागला आहे.

सुरुवातीचे चार-पाच महिने मला मनाची समजूत कधी काढावी लागली नाही. धावेची वेळ १२ मिनिटे ४० सेकंदांवरून १० मिनिटे २० सेकंदांवर आली, पुल-अप तीनवरून दहावर गेले आणि दर आठवड्याला वहीत लिहायला काहीतरी नवे असायचे. गेले तीन महिने मात्र वेळ १० मिनिटे ५ सेकंद आणि १० मिनिटे १५ सेकंद यांच्यामध्येच अडकली आहे. मी कष्ट कमी केलेले नाहीत, उलट वाढवले आहेत. आठवड्यातून सहा दिवस धावतो, प्रत्येक धाव पूर्ण दम लागेपर्यंत करतो आणि सातव्या दिवशी १५ किलोंची पिशवी पाठीवर घेऊन १० किलोमीटर चालतो. पहाटे पावणेपाचला उठतो, दिवसभर नोकरी असते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत अकरा वाजतात.

आम्ही चौघे मिळून सराव करत होतो. दोघांची निवड झाली, एकाने नाद सोडला आणि आता मी एकटाच उरलो आहे. गजर वाजतो तेव्हा जाग आलेली असते, पण उठावेसे वाटत नाही. उत्साह यावा म्हणून रात्री सैनिकांच्या प्रशिक्षणाच्या चित्रफिती पाहतो. त्या पाहताना अंगावर काटा येतो, पण सकाळी त्याचा काहीही उपयोग होत नाही. एक दिवस चुकला की अपराधी वाटते, मग पुढचे दोन दिवसही जातात, आणि सोमवारी मी दुप्पट सराव करून भरपाई करतो.

माझे विचारणे असे आहे की, ज्यांनी इतकी लांब तयारी केली आहे त्यांनी मन कसे टिकवले? माझ्यात जिद्दच कमी आहे का, अशी शंका मला आता येऊ लागली आहे.

---

प्रतिसाद : पिट्ठू

लांबपल्ला, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मी सैन्यातून निवृत्त झालो असून गेली काही वर्षे निवडीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा सराव पाहतो. तुम्ही हा प्रश्न मनाचा म्हणून मांडला आहे. परंतु तुम्ही दिलेले आकडे वाचल्यावर माझे मत असे झाले की तो निम्म्याहून अधिक शरीराचा आहे आणि जिद्दीचा तर बहुधा नाहीच. सहा दिवस दम लागेपर्यंत धावणे, सातव्या दिवशी ओझे घेऊन चालणे, रात्री पावणेसहा तासांची झोप आणि मधूनच दुप्पट भाराचा एक सोमवार, हे सगळे तीन महिने सोसणाऱ्या माणसाला आळशी कसे म्हणावे, हे मला कळत नाही. तुमच्या वेळापत्रकात विश्रांतीचा एकही दिवस नाही. जो चुकतो तोच तेवढा विश्रांतीचा, आणि त्याचीही तुम्ही स्वतःला शिक्षा करता.

मन उडणे हे अतिश्रमाचे फार लवकर दिसणारे लक्षण आहे. विल्यम मॉर्गन या अमेरिकन क्रीडा-मानसशास्त्रज्ञाने जलतरणपटूंच्या मनःस्थितीचा अनेक हंगाम अभ्यास केला. सरावाचा भार चढत जाई तशी त्यांची मनःस्थिती पायरीपायरीने बिघडत जाई, म्हणजे थकवा, चिडचिड आणि उदासी वाढे आणि उत्साह घटे. भार उतरवला की ती बहुतेकांच्या बाबतीत पुन्हा सावरत असे. मैदानावर मला हेच वारंवार दिसले आहे. वेळ बिघडण्याच्या कितीतरी आधी माणूस गप्प होतो, बुटांच्या नाड्या बांधायला उशीर लावतो, बारीकसारीक गोष्टींवरून चिडतो. आपण त्याला आळशी ठरवतो आणि आणखी पळवतो. मीही पूर्वी हेच करत असे, आणि त्यामुळे काही चांगली मुले माझ्या हातून गेली, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून आधी एक साधी तपासणी करा. सकाळी जाग आल्यावर अंथरुणात असतानाच मिनिटभर नाडी मोजा आणि आठवडाभर लिहून ठेवा. पूर्वीच्या नोंदी असतील तर त्यांच्याशी ताडून पाहा. नाडी नेहमीपेक्षा सातत्याने वर असेल, झोप तुटत असेल, नेहमीचा वेग विनाकारण जड वाटत असेल आणि त्याच्या जोडीला मन लागत नसेल, तर औषध एकच आहे, भार कमी करणे. यात विशेष काही नसेल, तर मग मनाकडे वळू.

दुसरी गोष्ट वेगाची. तुमची वेळ अडकली आहे ती कष्ट कमी पडल्यामुळे नव्हे, तर सगळे कष्ट एकाच जातीचे असल्यामुळे. रोज दम लागेपर्यंत धावणारा माणूस खरे म्हणजे कधीच पुरेसा हळू धावत नाही, आणि थकलेला असल्यामुळे कधीच पुरेसा वेगातही धावू शकत नाही. स्टीफन सायलर या व्यायामशास्त्राच्या संशोधकाने जागतिक दर्जाच्या लांब पल्ल्याच्या खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे हलक्या वेगाची असल्याचे आढळले. हलका वेग म्हणजे शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असा वेग. तुमच्या हिशेबाने तो किलोमीटरला सहा मिनिटांच्या आसपास येईल. परीक्षेत तुम्ही सव्वाचार मिनिटांच्या आत-बाहेर धावता, त्यामुळे सहाचा वेग सुरुवातीला अपमानासारखा वाटेल. तरीही आठवड्यातून तीन धावा अशाच करा, दोन खरोखर कठीण करा आणि एक दिवस काहीच करू नका. कठीण म्हणजे, उदाहरणार्थ, ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक फेरी परीक्षेच्या लक्ष्यवेगाने आणि मध्ये दोन मिनिटे चालणे.

भार कमी केला तर कमावलेले सगळे जाईल, ही भीती प्रत्येकाला वाटते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासले होते. दहा आठवड्यांच्या कसून केलेल्या सरावानंतर काही जणांचा रोजचा वेळ ४० मिनिटांवरून १३ मिनिटांवर आणला, पण व्यायामाची तीव्रता तीच ठेवली. पुढचे १५ आठवडे त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता टिकून राहिली. खूप वेळ तग धरण्याची ताकद मात्र थोडी उतरली. त्यांच्याच नंतरच्या एका अभ्यासात ज्यांची तीव्रता कमी केली त्यांची क्षमता घसरली. म्हणजे दोन आठवडे मिनिटे निम्मी करून एक छोटे कठीण सत्र चालू ठेवले, तर तुमचे १४ महिने कुठेही जात नाहीत.

आता त्या सोमवारबद्दल. याविषयी मी कठोर बोलणार आहे, कारण यात हाडे मोडतात. नुसत्या चालण्या-धावण्याने पायाच्या हाडाला पडणारी चीर वैद्यकाने पहिल्यांदा ओळखली ती सैनिकांमध्येच. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टराने कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पायांचे वर्णन केले. यामागची क्रिया समजून घेण्यासारखी आहे. भार वाढला की हाड आपली रचना बदलू लागते, आणि त्यात आधी जुना भाग खरवडून काढला जातो, नवा भाग नंतर भरला जातो आणि तो घट्ट व्हायला आणखी काही महिने लागतात. मधल्या आठवड्यांत हाड तात्पुरते कमकुवत असते. स्नायू आणि दम त्याच्या कितीतरी आधी तयार होतात, म्हणून माणसाला वाटते की आता आणखी झेपेल. माझ्याकडच्या एका मुलाने नडगीतली दुखरी जागा सहा आठवडे लपवली, कारण त्याला दुबळा म्हणवून घ्यायचे नव्हते. त्यानंतरचे चार महिने त्याने धावण्याशिवाय काढले. बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी टोचल्यासारखे दुखत असेल, तर त्या दिवशी धावू नका आणि डॉक्टरांना दाखवा. चुकलेला दिवस हा चुकलेलाच राहू द्या. तो सोमवारच्या खात्यावर चढवायचा नाही.

---

प्रतिसाद : अभ्यासिका

पिट्ठू यांनी शरीराची बाजू इतकी नीट सांगितली आहे की तिच्यात मी भर घालणार नाही. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे ‘जिद्द कमी आहे का’ या तुमच्या शंकेबद्दल लिहिते.

जिद्दीचे महत्त्व खोटे नाही. अँजेला डकवर्थ यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतील नव्या छात्रांचा समावेश होता. तिथल्या पहिल्या उन्हाळी प्रशिक्षणात कोण टिकेल हे प्रवेशाच्या वेळच्या एकत्रित गुणांपेक्षा चिकाटीच्या प्रश्नावलीवरून अधिक चांगले ओळखता आले. पण हे वाचून माणसे असा अर्थ काढतात की चिकाटी ही रक्तात असते किंवा नसते. ज्याने १४ महिने, त्यातले काही एका अपयशानंतर, सराव चालू ठेवला आहे, त्याने प्रश्नावली न भरताही तिचे उत्तर दिलेले आहे.

मला त्याच अकादमीवरचा दुसरा एक अभ्यास तुमच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा वाटतो. एमी रेझनेव्स्की, बॅरी श्वार्ट्‌झ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दहा हजारांहून अधिक छात्रांची माहिती अभ्यासली. ज्यांना सैनिकी काम स्वतःच हवेसे वाटत होते ते पदवीपर्यंत आणि पुढे अधिकारी होईपर्यंत अधिक प्रमाणात टिकले. यात आश्चर्य नाही. आश्चर्य हे की ज्यांच्याकडे ही आतली ओढही होती आणि त्याबरोबर पद, प्रतिष्ठा, पुढची चांगली नोकरी अशी बाहेरची कारणेही तितकीच जोरदार होती, ते नुसत्या आतल्या ओढीवर आलेल्यांपेक्षा मागे पडले. दोन कारणे असली की बळ दुप्पट होते असा आपला समज असतो. इथे दुसऱ्या कारणाने पहिल्याला पातळ केले. म्हणून एकदा शांतपणे कागद घेऊन बसा आणि तुम्हाला सैन्यात का जायचे आहे ते लिहा. मग त्या यादीतून जे कोणाला तरी काही सिद्ध करून दाखवण्यासाठी आहे ते बाजूला काढा. जे उरेल तेच पुढच्या दहा महिन्यांत कामाला येईल.

चित्रफितींबद्दल तुमचे निरीक्षण अचूक आहे. हीदर कॅप्स आणि गाब्रिएले एटिंगन यांच्या २०११ च्या प्रयोगांत असे दिसले की हवी ती गोष्ट मिळाल्याची सुखद कल्पना रंगवल्यानंतर माणसाची उभारी वाढण्याऐवजी कमी होते. एका प्रयोगात तर वरचा रक्तदाबही उतरलेला आढळला. मनाला ती गोष्ट मिळाल्यासारखे वाटते आणि शरीर सैल पडते. रात्री अंगावर येणारा काटा सकाळपर्यंत टिकत नाही याचे एक कारण हे असावे असे मला वाटते, आणि दुसरे कारण म्हणजे त्या चित्रफितींनी खाल्लेली अर्धा तास झोप.

त्याऐवजी पीटर गॉलविट्झर यांनी मांडलेला आणि त्यानंतर अनेक अभ्यासांत तपासला गेलेला एक उपाय करा. ‘मी रोज धावेन’ असा संकल्प करू नका. ‘गजर बंद केला की मी दाराजवळ ठेवलेले बूट घालीन’ असा करा. प्रसंग आणि कृती यांची आधीच गाठ मारलेली असली, की पहाटे मनाशी वाद घालण्याची वेळ येत नाही. पाऊस असेल तर काय, ऑफिसातून उशीर झाला तर काय, नडगी दुखली तर काय, यांचीही उत्तरे अशीच आदल्या दिवशी लिहून ठेवा. अंधारात, अर्धवट झोपेत, थंडीत उभे राहून जो निर्णय घ्यावा लागतो तो बहुतेक वेळा अंथरुणाच्या बाजूने लागतो.

राहिला चुकलेल्या दिवसाचा प्रश्न. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली यांनी ९६ लोकांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला होता. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्यक ६६ दिवसांचा होता. तुमच्यासाठी महत्त्वाचे असे की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात लक्षणीय अडथळा आला नाही. तुमच्या बाबतीत पहिला चुकलेला दिवस नुकसान करत नाही. त्यानंतरचे दोन दिवस तुम्ही स्वतःला जे बोलता, ते करते.

---

प्रतिसाद : तिसरी खेप

माझी निवड तिसऱ्या प्रयत्नात झाली. म्हणून दोनच गोष्टी सांगते, ज्या मला कोणी वेळेवर सांगितल्या नाहीत.

पहिली एकटेपणाची. माझ्याही सोबतच्या मुली पहिल्या दोन खेपांत निवडल्या गेल्या आणि मी मैदानावर एकटी राहिले. त्या काळात मी इतरांना टाळत असे, कारण भेटलेला प्रत्येक जण ‘मग यंदा काय’ असे विचारत असे. शेवटी मी शाळेत शिकणाऱ्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असलेल्या धावपटू मुलींबरोबर आठवड्यातून दोनदा धावू लागले. त्यांना सैन्यात जायचे नव्हते, त्यांना फक्त धावायचे होते. त्यांच्या संगतीत मला पुन्हा आठवले की मला धावणे आवडते, आणि ही आठवण निवडीच्या तारखेपेक्षा अधिक उपयोगी पडली. सोबती त्याच ध्येयाचा असावा लागत नाही. तो ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी उभा असणारा असावा, एवढेच पुरे आहे.

दुसरी गोष्ट खाण्याची, आणि ही विशेषतः मुलींनी वाचावी. वजन कमी झाले तर पुल-अप सोपे जातील या हिशेबाने मी सराव वाढवताना जेवण कमी केले. काही महिने वेळ सुधारली, त्यानंतर पाळी बंद झाली, सर्दी-खोकला हटेना आणि मन पूर्ण उतरले. याला वैद्यकात ऊर्जेची सापेक्ष कमतरता म्हणतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये ही संकल्पना मांडली आणि ती स्त्री-पुरुष दोघांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. यात हाडे ठिसूळ होतात, संप्रेरकांचा समतोल ढळतो आणि मनःस्थिती बिघडते. मी मात्र वर्षभर प्रेरणा देणारी भाषणे ऐकत राहिले. डॉक्टरांच्या सल्ल्याने खाणे वाढवले आणि तीन महिने भार कमी ठेवला, तेव्हा पाळी परत आली आणि तिच्या मागोमाग सकाळी उठण्याची इच्छाही आली. लांबपल्ला, तुम्ही किती खाता ते लिहिलेले नाही. वजन घटत असेल तर तेही पाहा.

---

लांबपल्ला

तिघांचेही मनापासून आभार. पिट्ठू यांच्या सांगण्याप्रमाणे आठ दिवस सकाळची नाडी मोजली. मागच्या वर्षीच्या वहीत ती ५२ ते ५४ अशी आहे, आता ती रोज ६० ते ६२ येते. वजनही वर्षभरात चार किलोंनी कमी झाले आहे, आणि मी ते चांगले लक्षण समजत होतो. कालपासून भार निम्मा केला आहे. पहिल्या दिवशी सहा मिनिटांच्या वेगाने धावताना सगळे मला पाहत आहेत असे वाटले, पण घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी मी दमलेला नव्हतो.

अभ्यासिका यांनी सांगितलेली यादीही केली. सात कारणे लिहिली होती. त्यातली चार कोणाला तरी दाखवून देण्यासाठी होती आणि त्यातही दोन निवड झालेल्या मित्रांसाठी. उरलेल्या तीन कारणांमध्ये एक असे निघाले जे मी इतक्या दिवसांत कधी मोठ्याने बोललो नव्हतो: मला कठीण प्रसंगी आपल्या शेजारच्या माणसाला उपयोगी पडणारा माणूस व्हायचे आहे. ते एवढेच वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

एक शंका उरते. घरच्या मैदानावर भार कमी करता येतो, पण प्रत्यक्ष निवडीत, ओझे घेऊन तासन्‌तास चालताना मन खचले तर तिथे नाडी मोजून थांबता येणार नाही. त्याची तयारी कशी करावी?

---

प्रतिसाद : पिट्ठू

नाडीचे आकडे वाचून वाईटही वाटले आणि बरेही वाटले, कारण आता काय करायचे ते स्पष्ट आहे. दोन आठवडे निम्मा भार, तिसऱ्या आठवड्यात पाऊण, आणि चौथ्यात पूर्ण, पण हलक्या आणि कठीण दिवसांच्या नव्या वाटणीसह. झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी सकाळची धाव संध्याकाळी न्यावी लागली तरी चालेल. दर सत्रानंतर ते किती कठीण वाटले याला शून्य ते दहापैकी एक गुण द्या आणि त्याला मिनिटांनी गुणा. कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत वही आणि पेन्सिल यांपलीकडे काही मागत नाही. आठवड्याची बेरीज एकदम उडी मारताना दिसली की तिथेच हात आखडता घ्या.

तुमची शंका रास्त आहे. अमेरिकन नौदलाच्या सील तुकड्यांच्या प्रशिक्षणात साडेपाच दिवसांचा एक आठवडा असा असतो की त्यात सगळी मिळून जेमतेम चार तास झोप मिळते, आणि ज्याला सोडायचे असेल त्याने घंटा तीन वेळा वाजवायची असते. अशा जागी माणूस का सोडतो याचा मी माझ्या परीने बराच विचार केला आहे. मी स्वतः ज्या लांब मोर्च्यांत चाललो आणि ज्यांत नंतर इतरांना चालवले, तिथे सोडणारे बहुतेक जण पाय पूर्ण गळाल्यावर सोडत नसत. चढाच्या पायथ्याशी उभे राहून अजून किती उरले आहे याचा विचार मनात आला की सोडत. चढ चालताना सोडणारे कमी असत. म्हणून जे शिकायचे आहे ते हे की नजर जवळ ठेवायची. पुढचे वळण, पुढचे पाणी, पाठीवरचा पट्टा सरळ करणे, शेजारच्याला हाक देणे. याचा सराव घरी होऊ शकतो. महिन्यातून एकदा ओझ्याची चाल अंतर न ठरवता करा. सोबत्याला वळायची जागा ठरवू द्या आणि ती तुम्हाला आधी सांगू नका म्हणावे. शेवट कुठे आहे हे माहीत नसताना चालणे ही वेगळी विद्या आहे, आणि तुम्ही आजवर तिचा सराव केलेला नाही, कारण तुमचे प्रत्येक अंतर मोजलेले होते. तुम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले वाक्यही तिथेच उपयोगी पडेल. मी पाहिले आहे की दुसऱ्याच्या ओझ्याकडे लक्ष असलेला माणूस स्वतःचे ओझे अधिक वेळ वाहतो.

मात्र सोडणे आणि थांबणे यांत फरक आहे, तो विसरू नका. जुलै २०१३ मध्ये वेल्समधील ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत ब्रिटिश विशेष दलाच्या निवडीच्या मोर्च्यात उन्हाच्या तडाख्याने तीन राखीव सैनिकांचा जीव गेला. ते कच्च्या मनाचे होते म्हणून नव्हे. उन्हात जड ओझे घेऊन चालणाऱ्या शरीराची उष्णता बाहेर पडायला वाव राहिला नाही, तर मन कितीही पक्के असले तरी ते शरीर वाचवू शकत नाही. बोलणे अडखळू लागले, पावले भलतीकडे पडू लागली, ऐन उन्हात थंडी वाजू लागली किंवा कुठे आहोत हेच कळेनासे झाले, तर स्वतःसाठीही आणि शेजारच्यासाठीही ताबडतोब आवाज द्यायचा. अशी लक्षणे असलेला माणूस बहुधा स्वतः म्हणतो की मी ठीक आहे. त्याचे ऐकायचे नाही.

पूर्ण भाराचा चौथा आठवडा संपला की दोन दिवस विश्रांती घ्या आणि मग २.४ किलोमीटरची वेळ लावा. त्याआधी घड्याळ घालून एकही परीक्षा घेऊ नका, मोह झाला तरीही. आणि वेळ काय आली ते इथे लिहा. कमी आली किंवा जास्त, दोन्हीवरून पुढचा आठवडा ठरवता येईल.